अप्पांची मिशी

प्रभुनं घण उचलला आणि त्याची आई निंगव्वा मागून ओरडली, "थांब!"

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्यांच्या दुकानात पुढच्या बाजूला नवी भांडी मांडलेली असतात आणि मागच्या खोलीत तांब्यापितळेची मोड पडलेली असते. फुटक्या कळशा, गळके हंडे, कान तुटलेल्या कढया विकत घ्यायच्या, ठोकून चपट्या करायच्या आणि वितळवायला पाठवायच्या, हा त्यांचा निम्मा धंदा. त्या दिवशी एका जुन्या बंगल्यातलं सामान आलं होतं. गिरण्या चालू होत्या तेव्हा तिथं गोरे इंजिनियर राहायचे म्हणे. सामानात पडद्यांच्या दांड्या होत्या, दिव्यांचे खांब होते आणि एका पुरुषाचा ब्राँझचा अर्धपुतळा होता. खऱ्या माणसाएवढं डोकं, वर टक्कल, गुबगुबीत गाल आणि अशी दाट मिशी, की तिच्यात एखादा चमचा हरवला तर सापडू नये. चेहरा असा, की कुणीतरी त्याला गंमत सांगत बसलंय आणि हा आता हसेल, आत्ता हसेल.

"काय झालं, अव्वा?" घण तसाच वर धरून प्रभुनं विचारलं.

निंगव्वा पुतळ्यापाशी आली. पदरानं त्याच्या गालावरची धूळ पुसली, दोन पावलं मागं सरून बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या अप्पासारखा दिसतोय."

प्रभुचा घण खाली आला, पण जमिनीवर.

त्याचे वडील शिवयोगी लिंगैक्य झाले तेव्हा तो तीन वर्षांचा होता. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. लग्नात बोलावलेला फोटोवाला आलाच नव्हता आणि पुढं फोटो काढायला माणसाला सवड कुठली. प्रभुला वडील आठवायचे ते एवढेच, की कुणीतरी खांद्यावर बसवून सिद्धेश्वराच्या तळ्याकडं नेलं होतं, आणि वरून फक्त एक पांढरा रुमाल दिसत होता.

"अप्पा असे दिसायचे?"

"हुबेहूब," निंगव्वा म्हणाली. "मिशी तर तीच."

एवढ्यावर पुतळा वाचला. आधी तो मागच्या खोलीत एका फळीवर बसला. मग दुकानाच्या पुढच्या भागात आला, कारण मागं त्याला उजेड मिळत नाही असं निंगव्वाचं म्हणणं पडलं. सोमवारी तिनं त्याच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले. प्रभुनं त्याच्या टकलावर पांढरा रुमाल बांधला. त्यानंतर पेठेतले लोक दुकानात शिरताना चपला बाहेर काढायला लागले आणि जुनी गिऱ्हाइकं "मालकांचा पुतळा कधी केला? छान आलाय की!" असं म्हणायला लागली.

प्रभुला तर बोलायला माणूसच मिळाला. मोडीचा मोठा माल घ्यायचा असला की तो पुतळ्याकडं वळून हळूच विचारायचा, "अप्पा, घेऊ का?" उत्तर काही यायचं नाही, पण तो चेहरा बघितला की सगळं काही ठीक होणार असं वाटायचं, आणि प्रभु माल घ्यायचा. गंमत म्हणजे धंदा बरा चालला होता.

घरात या सगळ्याचा त्रास फक्त सुकन्याला झाला. सुकन्या म्हणजे प्रभुची बायको. तांब्यापितळेच्या दुकानात एकच वस्तू काळपट राहावी हे तिला बघवेना. एका दुपारी सासूचा डोळा लागलेला पाहून तिनं चिंच भिजवली आणि कामाला लागली. तिचं फक्त नाक घासून झालं होतं, तेवढ्यात निंगव्वा जागी झाली.

"आगं, सासऱ्याचं नाक धरतीस व्हय?"

तेव्हापासून पुतळ्याचं नाक तेवढं पिवळंधमक आणि बाकीचा माणूस काळसर तपकिरी, असं झालं. सर्दी झाल्यासारखं दिसायचं.

सगळं असंच चाललं असतं, पण मुलगी काव्या आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला वस्तू उलट्या करून बघायची सवय होती. आजोबांच्या पुण्यतिथीला हार घालताना तिनं पुतळ्याच्या पाठीमागं वाकून बघितलं, तर खांद्याखाली बारीक अक्षरांत एक सही कोरलेली. शेजारी ओतकाम करणाऱ्या कारखान्याचा गोल शिक्का. काव्यानं चारी बाजूंनी फोटो काढले, जुन्या मूर्तींची चर्चा करणाऱ्या एका ग्रुपवर टाकले आणि विसरून गेली.

चार दिवसांनी फ्रान्समधून एका बाईचा निरोप आला. तिचं नाव सोलांज. ती ल्योन शहरातल्या एका कलासंग्रहालयात काम करायची. काव्यानं जेवायच्या वेळी तो निरोप सगळ्यांना मराठीत वाचून दाखवला. "हा पुतळा हरवला असं आम्ही धरून चाललो होतो. तो बघून मला रडू आलं. मी पुढच्या महिन्यात विजापूरला गोलघुमट बघायला येणार आहे. वाटेत तुमच्याकडे आले तर चालेल का? एक विचारायचं होतं, त्याच्या नाकाला काय झालं?"

सुकन्यानं ताटात मान घातली.

प्रभुचा घास हातातच राहिला. "हरवला म्हणतीया? म्हणजे त्यांचा हाय? घेऊन जायला येतीया ती!"

"पप्पा, ती फक्त बघायला येतेय."

"बघायला कोण विमानानं येतं?"

काव्यानं समजावलं, सुकन्यानं समजावलं. निंगव्वा मात्र भाकरी कुस्करत बसली. पण प्रभुच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. तीन वर्षांचा असताना गेलेला बाप त्याला पंचेचाळिसाव्या वर्षी मिळाला होता, आणि आता तो परदेशात जायला निघाला होता.

सोलांज यायची त्या दिवशी सकाळी पुतळ्याची जागा रिकामी होती. प्रभु पहाटेच त्याला स्कूटरवर घालून जुळे सोलापूरला निघाला होता. तिथं सुकन्याचा भाऊ बसवेश फ्लॅटमध्ये राहतो. पुतळा पायांमध्ये उभा केलेला, अंगाभोवती शाल गुंडाळलेली, डोक्यावर रुमाल, कपाळावर विभूती. सात रस्त्याच्या चौकात ट्रॅफिक हवालदारानं हात केला. प्रभुच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. हवालदार जवळ आला, पुतळ्याकडं बघितलं, टोपी काढून नमस्कार केला आणि म्हणाला, "जावा मालक, सावकाश जावा. मिरवणूक कुठाय?"

"मागनं येतीया," प्रभु म्हणाला आणि सुटला.

दहाच्या सुमारास सोलांज आली. उंच, पन्नाशीची, उन्हानं लाल झालेली, पाठीवर भली मोठी पिशवी. दारातच तिनं हात जोडून "नमस्ते" केलं, आत बघितलं, फळीकडं बघितलं, आणि तिचा चेहरा पडला.

तोपर्यंत परत आलेला प्रभु गल्ल्यामागं बसून शर्टाची बटणं बघत होता.

"कुठं आहे तो?" सोलांजनं इंग्रजीत विचारलं.

"विचारतेय कुठं आहेत," काव्या वडलांना म्हणाली. तिला तर सकाळपासून काही माहीतच नव्हतं. "पप्पा? कुठं आहेत?"

"अप्पा गावाला गेलेत," प्रभु म्हणाला.

काव्यानं डोळे मिटून घेतले. हे भाषांतर कसं करायचं ते तिला समजेना. शेवटी तिनं आहे तसंच सांगितलं. सोलांजनं ते दोनदा विचारून घेतलं.

आतून निंगव्वा आली. तिनं रिकामी फळी बघितली, मुलाकडं बघितलं आणि तिला सगळं कळलं.

"परभ्या," ती म्हणाली. ती रागावली की प्रभुचा परभ्या व्हायचा. "पाहुणी समुद्र ओलांडून आलीया. जिथं ठेवलास तितनं घेऊन ये. आत्ता."

"अव्वा, ती नेईल त्यांना."

"नेऊ दे की न्यायचं ते. मी बघते. तू जा."

प्रभु गेला. सोलांजला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं, मग सुकन्यानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवली. पहिल्या घासालाच पाहुणीच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण तिनं ताट सोडलं नाही. निंगव्वाला ती तिथंच आवडली.

जेवण झाल्यावर सोलांजनं पिशवीतून एक मोठा छापील फोटो काढला. जुना, कडा पिवळ्या पडलेला. त्यात एक बुटकी बाई उभी होती. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात मातीनं भरलेले, केस सुटलेले. तिच्या शेजारी उंच घडवंचीवर ओल्या मातीचं डोकं. तेच टक्कल, तेच गाल, तीच मिशी.

"ही कोण? ह्याची बायको?" निंगव्वानं विचारलं.

"नाही आज्जी," काव्या ऐकून म्हणाली. "हिनंच केलाय तो. क्लेमांस रुवेल. शिल्पकार होती."

"बाईनं केलाय?" निंगव्वानं फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "बाईनं? एवढा?"

सोलांज सांगत गेली आणि काव्या मराठीत आणत गेली. क्लेमांस एका कुलूपवाल्याची मुलगी. कलेच्या मोठ्या शाळेत त्या काळी बायकांना घ्यायचे नाहीत, म्हणून ती थडग्यांवरची नक्षी कोरणाऱ्या एका म्हाताऱ्याकडं शिकली. शहरातली मोठी माणसं तिच्याकडं येत नसत, म्हणून तिनं आपल्या गल्लीतली माणसं करायला घेतली. कोळसेवाला, सुईण, न्हावी. आणि हा पाववाला. त्याचं नाव बातिस्त.

"पाववाला?" सुकन्या दारातून म्हणाली. तिनं दोन वर्षं त्याच्यापुढं वाकून नमस्कार केला होता.

"त्याला गप्प बसता यायचं नाही," काव्या हसत सांगू लागली. "ती म्हणायची, जरा गंभीर हो. तो गंभीर व्हायचा आणि लगेच फुटायचा. शेवटी तिनं ओलं फडकं त्याच्या अंगावर फेकलं, आणि तो हसायच्या आधी जे तोंड झालं ना, तेच तिनं धरलं. पुतळा झाल्यावर तो घरी घेऊन गेला, तर बायकोनं दार लावून घेतलं. म्हणाली, एक हाय तोच बडबडून जीव खातोय, दुसरा कुठं ठेवू?"

निंगव्वा एवढी हसली की तिला ठसका लागला. सोलांज तिच्याकडं बघतच राहिली.

"मग काय झालं?"

"मग क्लेमांसनंच ठेवून घेतला. स्वयंपाकघरात. तिच्या भाचीनं सांगून ठेवलंय, मावशी कामावरून चिडून आली की त्याच्यापुढं जाऊन बसायची, आणि उठायची तेव्हा चिडलेली नसायची. ती गेल्यावर सामान विकलं गेलं. इकडे कसा आला ते कुणालाच ठाऊक नाही."

निंगव्वा फोटोवरून बोट फिरवत राहिली, पण पुतळ्यावरून नाही. त्या मातीनं भरलेल्या हातांवरून.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. प्रभु आणि बसवेश दोघं मिळून पुतळा आत घेऊन आले. रुमाल वाकडा झाला होता. सोलांज उठून उभी राहिली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. मग ती हळूहळू त्याच्याभोवती फिरली. बोटाच्या टोकानं त्याच्या ओठाचा डावा कोपरा दाखवला. तिथं धातूवर एक चिमटीएवढा खड्डा होता. "हा तिचा अंगठा," ती म्हणाली. "मातीत उठलेला. तिनं पुसला नाही." नाकापाशी आल्यावर मात्र ती थबकली.

"चिंच," सुकन्या पुटपुटली. "परत नाही घासणार. शपथ."

सोलांजनं मान हलवली आणि मग प्रभुकडं वळून विचारलं, "काव्या म्हणते हा तुमच्या वडलांसारखा दिसतो. खरंच? मला फार उत्सुकता आहे. किती साम्य होतं?"

काव्यानं मराठीत सांगितलं. प्रभुनं छाती पुढं काढली आणि आईकडं बघितलं. "सांग की, अव्वा."

निंगव्वानं फोटो मांडीवर ठेवला. पाहुणी समोर होती, मातीनं भरलेल्या हातांची ती बाई मांडीवर होती, आणि तिला अचानक खोटं बोलवेना.

"न्हाय दिसत," ती म्हणाली.

"काय?"

"ह्याच्यासारखे न्हाय दिसायचे ते. मिशी न्हवती त्यांना. टक्कल बी न्हवतं."

दुकानात बाहेर कुणीतरी "कळशी केवढ्याला?" असं विचारत होतं. कुणी उठलं नाही.

"मग तू…" प्रभुनं पुतळ्याकडं बोट केलं. "मग दोन वर्षं मी…"

"घण वर झाला हुता तुझा," निंगव्वा म्हणाली. "आणि हा माझ्याकडं बघून हसायला लागला हुता. मी काय करू? मोडू नको म्हणलं असतं तर तू म्हणाला असतास, अव्वा, मोड हाय, मोडायलाच आणलीया. आपल्या घरात असं तोंड कुणाचं न्हाय रे. सगळे हिशेब केल्यासारखे बसतात. मला एक असावं वाटलं. तोंडाला आलं ते बोलून बसले."

"पण विभूती? रुमाल?"

"रुमाल तू बांधलास."

हे खरं होतं. प्रभु तिथंच जमिनीवर बसला. पाववाल्याच्या सल्ल्यानं त्यानं अख्ख्या एका कारखान्याची मोड उचलली होती. गेल्या वर्षी काव्याच्या प्रवेशाच्या वेळी तो दुकान बंद करून त्याच्यापुढं रडला होता. तो पुतळ्याकडं बघेना, आईकडंही बघेना. काव्यानं सोलांजच्या कानात सगळं सांगितलं, तशी तीही संकोचून भिंतीला टेकली.

शेवटी प्रभुनं विचारलं, "मग अप्पा कसे दिसायचे?"

निंगव्वा त्याच्याशेजारी येऊन जमिनीवरच बसली. "बारीक हुते. कान बाहेर आलेले. दाढी रोज करायचे. तोंड असं, की आत्ताच कुणाशी भांडून आलेत. गिऱ्हाईक भ्यायचं त्यांना. पण हसायचे लई. तोंडानं न्हाय हसायचे, तोंड घट्ट मिटलेलं. खांदे हलायचे नुसते. खांदे हलायला लागले की मी समजायची, मालकांना काहीतरी आवडलंय."

"खांदे?"

"व्हय. गदागदा."

प्रभु पुतळ्याकडं बघायला लागला. वाकडा रुमाल, पिवळं नाक, तीन पट्टे आणि त्याखालचा तो पाववाला. त्याला सात रस्त्याचा हवालदार आठवला. टोपी काढून उभा राहिलेला. त्यानं तोंड दाबून धरलं. पण त्याचे खांदे हलायला लागले.

निंगव्वा बघतच राहिली. "आँ," एवढंच ती म्हणाली आणि तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात पण हलायला लागला. मग सुकन्याला आवरेना, काव्याला आवरेना. सोलांजला नेमकं काय झालं ते कळलं नव्हतं, पण तीही हसत होती. खांद्यांचं ऐकल्यावर ती म्हणाली की हे क्लेमांसला सुद्धा ब्राँझमध्ये जमलं नसतं.

दुपारी सोलांजनं फोटो काढले. त्याआधी विभूती पुसायची होती. ती निंगव्वानंच मऊ फडक्यानं पुसली, रुमाल सोडून घडी घातला. उघड्या डोक्याचा बातिस्त जरा लहान दिसायला लागला. मग सोलांजनं सावकाश विषय काढला. पुढच्या वर्षी ल्योनला क्लेमांसच्या कामाचं प्रदर्शन होतं. तेवढ्यापुरता पुतळा द्याल का? परत आणून देण्याची जबाबदारी संग्रहालयाची.

सगळ्यांनी निंगव्वाकडं बघितलं.

"जाऊ दे की," ती म्हणाली. "किती वर्षं झाली बिचारा घरी गेला न्हाय. पण परत आला पायजे."

"प्रदर्शनातल्या पाटीवर मालक म्हणून तुमचं नाव येईल," काव्या म्हणाली. "नातं वगैरे काही लिहायचं का, असं गमतीनं विचारतेय ती."

निंगव्वानं विचार केला. नवरा म्हणून दोन वर्षं झाली होती, आता ते चालण्यासारखं नव्हतं. "माझ्या माहेरचा म्हण," ती म्हणाली. "माहेरचं कुणी राहिलं न्हाय माझं. भाऊ म्हण."

त्यामुळं दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांनी "मालकांचा रुमाल कुठं गेला?" असं विचारलं तेव्हा सुकन्यानं सांगितलं, "ते अप्पा नव्हेत. मामा आहेत, अव्वांकडचे." पेठेनं ते लगेच मानलं. अप्पांपेक्षा मामा बरे, असंच पुष्कळांना वाटलं असावं, कारण त्यानंतर लोक त्याच्याकडं बघून उघड हसायला लागले.

प्रभुला वेळ लागला. पहिले दोन दिवस तो पाठ करून बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं खुर्ची जरा तिरकी केली.

जाताना सोलांज क्लेमांसचा फोटो ठेवून गेली होती. निंगव्वानं तो दुकानात न लावता आपल्या खाटेजवळ लावला. आठवडाभर ती तो बघत होती. मग एका रविवारी तिनं काव्याला हाक मारली.

"तुमच्या कॉलेजात माती मिळते का गं?"

"कसली माती?"

"असली." तिनं फोटोतल्या बाईचे हात दाखवले. "माझं डोकं कर."

"आज्जी, मला नाही येत. आम्ही इमारतींची मॉडेल करतो, माणसांची नाही."

"त्या बाईला तरी कुणी शिकवलं? थडगीवाल्यानं."

काव्यानं शाडू आणला. मागच्या खोलीत मोडीचा ढीग बाजूला सारून एक पाट उभा केला, त्यावर माती थापली. निंगव्वा नवं इरकल नेसून, पदर सारखा करून समोर बसली. पहिल्या दिवशी जे झालं ते बटाट्यासारखं दिसत होतं, असं प्रभु म्हणाला. दुसऱ्या दिवशी नाक आलं. ते नाक बघून निंगव्वा म्हणाली, "माझं एवढं न्हाय," आणि सुकन्या म्हणाली, "आहे, अव्वा."

तिसऱ्या दिवशी काव्या तोंडापाशी आली. कोपरापर्यंत माती, केस डोळ्यांवर आलेले. "आता जरा गप्प बस हं, आज्जी. हलू नकोस. ओठ करायचेत."

"बसते की," निंगव्वा म्हणाली आणि ओठ मिटून बसली. जेमतेम घोटभर चहा पिऊन व्हावा एवढा वेळ ती तशी बसली असेल. "एकदा काय झालं माहितीय का? तुझे अज्जा अक्कलकोटला निघाले, आणि चप्पल एक त्यांची, एक माझी…"

"आज्जी!"

"आगं ऐक तरी. स्टँडवर गेल्यावर कळलं त्यांना, आणि मग उभ्या उभ्या खांदे असे हलायला लागले…"

काव्यानं मातीच्या ओठाच्या कोपऱ्यात अंगठा रोवला.